रंग तळाशी का बसतो? मुलांसोबत घरच्या साहित्यात मार्बलिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलांसोबत मार्बलिंग करायचंय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या रंगाची नक्षी कागद टेकवून उचलून घ्यायची. सहा ते दहा वर्षांची दहा-बारा मुलं, हाताशी दोन तास आणि घरात असेल तेवढंच साहित्य. तुम्ही पसरट भांड्यात पाणी घेऊन जलरंग टाकले, ते तळाशी गेले. मग रंगात खाद्यतेल मिसळून पाहिलं, तर कागदावर तेलकट डाग पडले आणि नक्षी उमटलीच नाही. आता तुम्हाला हवंय ते असं की नेमका कोणता रंग आणायचा, आणि नेलपॉलिशने छान जमतं म्हणतात ते मुलांसोबत करावं का.

अडचण रंगाच्या निवडीत आहे असं मला वाटत नाही. मार्बलिंगमध्ये तीन गोष्टी एकामागोमाग घडाव्या लागतात. रंग पृष्ठभागावर तरंगला पाहिजे, तिथे पसरला पाहिजे, आणि कागद टेकवल्यावर कागदाला धरून राहिला पाहिजे. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. बहुतेक जण पहिलीवरच अडतात आणि रंगामागून रंग बदलत बसतात. जलरंग पाण्यात विरघळावा म्हणूनच बनवलेला असतो, साध्या पाण्यावर त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. तेलाची गंमत उलटी. पाण्यातला रंग तेलात मिसळत नाही, त्याच्या गोळ्या होतात आणि त्या खाली घसरून विरघळतात. कागदाला पहिल्यांदा लागतं ते तेल, आणि तेल प्यायलेल्या जागी पुन्हा रंग चढत नाही. शिवाय त्या कागदावर नंतर पेननेही लिहिता येत नाही.

ही कला जिथे रुजली तिथे या तिन्ही गोष्टी कशा सोडवल्या ते पाहिलं की घरातलं साहित्य निवडणं सोपं जातं. तुर्कस्तानातली एब्रू कला, जी २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, तिच्यात पाणी वनस्पतीच्या डिंकाने किंवा समुद्री शेवाळाच्या अर्काने घट्ट करतात आणि रंग पसरावा म्हणून रंगात बैलाचं पित्त घालतात. कागदावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटीचा हात देण्याची पद्धतही मार्बलिंग करणाऱ्यांमध्ये जुनी आहे. म्हणजे आपल्याला शोधायच्या आहेत तीन जागा भरणाऱ्या वस्तू. घट्ट पाण्याच्या जागी कॉर्नफ्लोरची खळ, पित्ताच्या जागी भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, आणि तुरटी ती तुरटीच. जपानची सुमिनागाशी मात्र साध्या पाण्यावर काजळीच्या शाईने करतात. ती दिसायला सर्वांत सोपी, पण घरात पडलेली शाई तरंगेल की नाही हे त्या शाईवर अवलंबून असतं. फाउंटन पेनची धुऊन जाणारी शाई बुडते. चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई असेल तर आधी वाटीभर पाण्यात थेंब टाकून पाहा, तरंगली तर नशीब समजा.

आता तुमच्या गटाबद्दल. सहा वर्षांचं मूल आणि दहा वर्षांचं मूल यांना एकाच ट्रेपाशी उभं करू नका, एवढं मी ठामपणे सांगेन. लहानांना शेविंग फोम द्या, मोठ्यांना खळ. सगळ्यांना खळच द्यायची असेल तर प्रत्येक ट्रेपाशी एक मोठं माणूस हवं. तुम्ही एकट्याच असाल तर पहिल्या दिवशी सरसकट फोमच करा, त्यात कमीपणा काही नाही.

फोमची रीत लवकर सांगून होते. जेल नको, फेस येणारा साधा फोम घ्या. तो मोठ्या माणसानेच ट्रेमध्ये फवारावा आणि जाड पुठ्ठ्याच्या कडेने सपाट करावा. थर बोटाच्या जाडीइतका पुरतो. त्यावर खाद्यरंगाचे किंवा पाण्याने पातळ केलेल्या रंगाचे थेंब टाकायचे, टूथपिकने रेघा ओढायच्या, कागद अलगद टेकवून तळहाताने सगळीकडून दाबायचा आणि उचलायचा. उचलल्यावर कागदभर पांढरा फेस दिसतो आणि मुलांचे चेहरे पडतात. मग पट्टीची सरळ कड कागदावर एका बाजूकडून दुसरीकडे ओढली की फेस निघून येतो आणि खालून नक्षी उघडी पडते. हे पट्टी ओढणं प्रत्येक मुलाला स्वतःच करू द्या, त्यांना सर्वांत जास्त मजा त्याच क्षणी येते. फेसात बहुतांश हवा असते, त्यामुळे रंगाचा थेंब त्यात झिरपण्याऐवजी वरच बसून राहतो आणि कागद टेकला की त्यातलं रंगीत पाणी शोषून घेतो. एका थरावर पुन्हा थेंब टाकून आणखी दोन-तीन कागद निघतात, मग सगळे रंग मिसळून मातकट व्हायला लागतात.

फोमबद्दल दोन सूचना. तो क्रीमसारखा दिसतो, त्यामुळे लहानांना आधीच बजावून ठेवा की हे खायचं नाही आणि हात डोळ्यांना लावायचे नाहीत. त्यात सुगंध असतो. कोणाची त्वचा नाजूक असेल तर हातमोजे द्या किंवा त्या मुलाला फक्त टूथपिक आणि कागदाचं काम द्या. आणि खाद्यरंगाने बोटं दोन-तीन दिवस रंगलेली राहतात, हे पालकांना आधी सांगितलेलं बरं. खाद्यरंगाची नक्षी उन्हात फिकी पडते हेही त्यातच सांगून टाका, नाहीतर खिडकीत लावलेला कागद पांढरा झाल्यावर तुम्हाला विचारायला येतील.

खळ मात्र जरा सविस्तर सांगायला हवी. कॉर्नफ्लोर म्हणजे पांढरं शुभ्र, बोटांमध्ये चुरचुरणारं स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ नव्हे. एक लिटर पाण्याला चार सपाट मोठे चमचे घ्या. आधी ते थोड्या थंड पाण्यात कालवा, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात ओता आणि पारदर्शक दिसेपर्यंत ढवळत राहा. हे काम आदल्या रात्री करा, कारण खळ पूर्ण निवायला हवी. निवताना ती घट्ट होते आणि वर साय धरते. ती काढून, पातळ कापडातून गाळून, लागेल तसं कोमट पाणी घालून सैल करायची. किती सैल? हे प्रमाणात सांगता येत नाही, कारण कॉर्नफ्लोर आणि उकळण्याची वेळ दोन्ही बदलतात. मी अशी पारख करते: रंगाचा थेंब टाकून टूथपिकने एक रेघ ओढते आणि थांबते. टूथपिक थांबली की रंगही तिथेच थांबला पाहिजे. तो पुढे वाहत गेला तर खळ पातळ आहे, मागे खेचला गेला तर घट्ट. ट्रेमध्ये खळ दोन बोटं खोल असली की पुरे.

घरात जवस किंवा मेथीचे दाणे असतील तर ते भिजवून निघणारा बुळबुळीत चीकही याच कामाला येतो, पूर्वी या बिया त्यासाठी वापरल्याही जात. पण तो गाळताना हात दुखून येतात. मोठ्या मुलांना प्रयोग म्हणून एकदा दाखवा, गटासाठी नको.

खळीवर खाद्यरंग चालत नाही, तो तिच्यात विरघळून सगळा ट्रे गुलाबी करून टाकतो. इथे अ‍ॅक्रिलिक रंगच लागतो. तो वाटीत घेऊन पाण्याने इतका पातळ करा की ब्रश तिरका धरला तर थेंब आपोआप गळेल. आता खळीवर थेंब टाका आणि नीट बघा. पडताक्षणी तो आधी दबतो, मग कडेने उघडत जातो आणि नाण्याएवढी किंवा त्याहून मोठी चकती होऊन थांबतो. असं झालं तर रंग तयार. तो ठिपक्याएवढाच राहिला किंवा खाली गेला, तर आणखी थोडं पाणी घालून पाहा. तरीही उघडला नाही तर एका वाटी पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब ढवळून, त्या पाण्याचे दोन-तीन थेंब रंगात घाला. लिक्विड थेट रंगात नको आणि ट्रेमध्ये तर अजिबात नको. साबणाने पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ, कमी होतो म्हणून रंग पसरतो, पण तोच साबण ट्रेमध्ये गेला तर पुढचा कोणताच रंग उघडायला जागा उरत नाही. म्हणून ट्रे आणि ब्रश धुताना फक्त पाणी वापरा, साबण लावू नका. मुलांनी साबणाने हात धुतले असतील तर ते खळखळून, निथळून घ्यायला लावा. हात धुऊन आलेल्या मुलाने खळीत बोट बुडवलं की रंग तिथून पळतो आणि मधोमध मोठं भोक पडतं. हे मात्र एकदा मुद्दाम करून दाखवण्यासारखं आहे.

रंग टाकण्याचा क्रमही याच गणितावर चालतो. पहिला रंग मोकळ्या जागेत पसरतो, दुसऱ्याला पहिल्याला ढकलून जागा करावी लागते, तिसऱ्याला दोघांना. म्हणून नंतरच्या रंगात साबणपाण्याचा एखादा थेंब जास्त लागतो. मुलांना सांगण्यापेक्षा दाखवा: निळ्या थेंबाच्या बरोबर मध्यावर पांढरा थेंब टाका, पांढऱ्याच्या मध्यावर पुन्हा निळा. वर्तुळात वर्तुळ उघडत जातं, आणि निळा पुसला न जाता कडेला सरकतो हे मुलांना दिसतं. दहा वर्षांची मुलं इथे स्वतःहून विचारतात, "मग आधीचा रंग संपला कसा नाही?" पृष्ठताण हा शब्द सांगायची वेळ तीच, त्याआधी सांगून उपयोग नाही.

तिसरी अडचण कागदाची, आणि तिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही. रंग तरंगला, पसरला, नक्षीही सुरेख झाली, कागद उचलून पाण्याखाली धरला आणि सगळं वाहून गेलं. असं झालं की लोक पुन्हा रंगालाच दोष देतात. चकचकीत कागद रंग धरत नाही. वर्तमानपत्राचा कागद ओला झाला की फाटतो. प्रिंटरचा कागद बरा दिसतो, पण आजकालच्या बऱ्याच कागदांत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि त्याच्यापुढे तुरटीचं काही चालत नाही. चित्रकलेचा किंचित खरबरीत, न चकाकणारा, जरा जाड कागद घ्या. एक कप कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे तुरटीची पूड विरघळवून स्पंजने एका बाजूला एकसारखी लावा, कागद सुकू द्या, वजनाखाली दाबून सपाट करा. मागच्या बाजूला पेन्सिलने फुली मारून ठेवा, नाहीतर सुकल्यावर कोणती बाजू कोणती ते ओळखू येत नाही. तुरटी लावलेले कागद महिनोन्‌महिने ठेवू नका, तुरटी आम्लधर्मी असल्याने ते पिवळे आणि ठिसूळ होतात. आदल्या दिवशी लावलेले उत्तम. फोमसाठी मात्र तुरटीची गरज नाही.

कागद टेकवणं हे हाताचं काम आहे आणि ते सरावानेच येतं. समोरासमोरचे दोन कोपरे धरायचे, मधला भाग झोळीसारखा खाली सोडायचा, तो आधी टेकवायचा आणि मग दोन्ही कोपरे न थांबता खाली आणायचे. मध्येच थबकलं की त्या जागी नक्षीवर आडवी रेघ उमटते. कागदाखाली हवा अडकली की पांढरा डाग. कागद ट्रेपेक्षा बोटभर लहान ठेवा. लहान हातांना हे एकट्याने जमत नाही, म्हणून जोड्या लावा आणि आधी रिकाम्या टेबलावर कोऱ्या कागदाने सराव करून घ्या. पाच मिनिटं जातात, पण पुढची बरीच रडारड वाचते. टेकवल्यावर मोजून वेळ थांबायची गरज नाही, कागद सगळीकडून ओलसर दिसला की उचला. मग पसरट भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून वरची खळ सोडवा आणि सपाट वाळत घाला.

दर कागदानंतर खळीवर उरलेला रंग आणि जमलेली पातळ साय काढायची असते. ट्रेच्या रुंदीएवढी वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली की काम होतं. हे केलं नाही तर चौथ्या-पाचव्या मुलाचे थेंब उघडत नाहीत आणि त्याला वाटतं आपलंच चुकलं. ही पट्टी ओढण्याची जबाबदारी एका मुलाकडे सोपवा. जे मूल रांगेत कंटाळतं, त्याच्याकडे हमखास.

शिकवण्याबद्दल. तयार नमुना आधी दाखवू नका, मुलं तसाच करायला बघतात आणि या कामात ठरवून तसाच येत नाही. पहिला कागद टूथपिक न लावता, नुसत्या थेंबांचा घ्यायला लावा. दुसऱ्यावर एकाच दिशेने रेघा. तिसऱ्यावर आडव्या आणि मग उभ्या. पुठ्ठ्याच्या पट्टीला साधारण एक सेंटिमीटर अंतराने टूथपिक चिकटवून फणी करता येते, ती याच वेळी काढा. आधी काढली तर सगळे तिच्यावरच तुटून पडतात. मुलांना सर्वांत अवघड जातं ते थांबणं. नक्षी सुंदर झालेली असते आणि आणखी एक गिरकी, आणखी एक, असं करत सगळं करडं होतं. मी रेघांची मर्यादा आधीच ठरवून देते आणि मोजायला शेजारच्या मुलाला बसवते. मोठ्यांनी हात धरून रेघ ओढून देणं मला पसंत नाही. करडा झालेला कागदही त्याचाच असू द्यावा.

बिघडलेल्या कागदांसाठी एक सोय करून ठेवा. पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी खिडकी कापा आणि ती कागदावर फिरवत सर्वांत छान तुकडा शोधायला सांगा. जवळपास प्रत्येक कागदात एखादा सापडतो. तो कापून भेटकार्डावर किंवा वहीवर चिकटवता येतो. मोठ्या मुलांना याच्या पुढचंही देता येईल. सतराव्या शतकातल्या दख्खनी चित्रांमध्ये घोडा, स्वार अशा आकृत्यांच्या आतच मार्बलिंग भरलेलं दिसतं, बाकीचा कागद झाकून ठेवलेला असे. तेच साधं करून पाहायचं तर पातळ कागदात पानाचा किंवा माशाचा आकार कापून तो झाकणीसारखा वर ठेवायचा, कडा कागदी टेपने धरायच्या आणि दोन्ही कागद एकदम टेकवायचे. फोमवर हे जास्त स्वच्छ येतं, खळीवर कडा थोड्या फुटतात.

दोन तासांचं म्हणाल, तर त्यातला अर्धा तास मांडामांड आणि आवराआवरीत जातो असं धरून चला. बारा मुलांना फोमचे तीन ट्रे आणि खळीचा एक, एवढं पुष्कळ झालं. नाव कागदाच्या मागे पेन्सिलने आधीच लिहून घ्या, कारण ओल्या कागदावर लिहिता येत नाही आणि वाळल्यावर प्रत्येकाला सर्वांत छान कागद आपलाच वाटतो. वाळवायला जागा किती लागते ते आधी मोजा. माणशी तीन कागद म्हटले तरी छत्तीस होतात, आणि ते एकमेकांवर ठेवता येत नाहीत. अंगात जुने कपडे हवेत, कपड्यावर वाळलेला अ‍ॅक्रिलिक निघत नाही. उरलेला फोम बेसिनमध्ये न सोडता वर्तमानपत्राने पुसून कचऱ्यात टाका. खळ दोन दिवसांत आंबते, ती भरपूर पाण्याबरोबर थोडी थोडी सोडा, एकदम ओतलीत तर नळीत बसते.

आणि नेलपॉलिश. पाण्यावर ते तरंगतं हे खरं आहे, नक्षीही येते. पण त्यातला द्रव उडून जातो तसतसा पृष्ठभागावर पापुद्रा धरतो, त्यामुळे मुलांच्या संथ हातांना वेळच मिळत नाही. त्याच्या वाफा बंद खोलीत बारा मुलांच्या नाकाशी येतात, आणि ते पेट घेणारं असतं. टर्पेंटाइन किंवा रॉकेलमध्ये पातळ केलेल्या तैलरंगांनाही हेच लागू आहे, वर हात धुवायला पुन्हा तेच लागतं. मोठ्यांनी खिडक्या उघड्या ठेवून, शेजारी ज्योत नसताना करायचं तर करावं. या वयाच्या मुलांसोबत मी दोन्हीपैकी काहीच वापरत नाही.